वऱ्हाडातील दळणवळणाची जडणघडण : अमरावती आणि अकोला यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मध्ये पूर्णा नदीचे सपाट, काळ्या कसदार मातीचे खोरे, अशी वऱ्हाडची स्थूल रचना आहे. या खोऱ्यास पायनघाट आणि दक्षिणेकडील उंच भागास बालाघाट म्हणण्याची प्रथा जुनी आहे. अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडची दोन प्रमुख नगरे पायनघाटात वसली असून गेली सुमारे दीडशे वर्षे त्यांचे आर्थिक जीवन कापूस आणि लोहमार्ग या दोन गोष्टींशी निगडित राहिले आहे.

लोहमार्गाने वऱ्हाडचा विकास घडविला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे विधान अंशतः खरे असले तरी अपुरे आहे. मार्ग कोणत्या दिशेने टाकला गेला, कोणत्या मालासाठी टाकला गेला आणि कोणती गावे त्याच्यापासून दूर राहिली, हे प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात. वऱ्हाडातील मुख्य मार्ग कापूस बंदरापर्यंत नेण्याच्या गरजेतून आखले गेले. त्यामुळे पूर्व-पश्चिम दळणवळण लवकर आणि भक्कम उभे राहिले. उत्तर-दक्षिण दळणवळण मात्र उशिरा, तुटक आणि दुय्यम स्वरूपात आले. या असमतोलाचे परिणाम आजही जाणवतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. लोहमार्गापूर्वीच्या वाटा

लोहमार्ग येण्यापूर्वी वऱ्हाड एकाकी होते असे समजण्याचे कारण नाही. बुऱ्हाणपूर, एलिचपूर, बाळापूर, कारंजा, बाशीम ही गावे जुन्या व्यापारी वाटांवर होती. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती आणि पुढेही दीर्घकाळ वऱ्हाडच्या कारभाराचे प्रमुख ठाणे राहिली. मालाची ने-आण प्रामुख्याने बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे असे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून हे तांडे मीठ, धान्य आणि कापूस शेकडो मैल वाहून नेत. काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने गाडीवाटा चिखलात बुडत. बैलाचे चाक रुतले की दिवस जात असे. म्हणून लांब पल्ल्याच्या वाहतुकीत गाडीपेक्षा लादणीचा बैल अधिक भरवशाचा ठरे.

विशेष लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे त्या काळी वऱ्हाडच्या कापसाची मुख्य दिशा मुंबई नव्हती. हा कापूस बैलांवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून नदीमार्गे कलकत्त्यास पोहोचे. हा प्रवास पाचशे मैलांहून अधिक होता. १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांचा कापूस कलकत्त्यास पाठविल्याचे सांगितले जाते, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आढळते. आकडा फुगलेला आहे असे मानले तरी वाहतुकीचा आवाका त्यावरून कळतो. मुंबईकडे लक्षणीय प्रमाणात कापूस पाठविण्याचा पहिला प्रयत्न १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी केला.

अमरावती शहराच्या परकोटातही या व्यापाराची खूण आहे. पेंढाऱ्यांच्या उपद्रवापासून येथील सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली या तटबंदीस प्रारंभ झाला. तिची लांबी सुमारे सव्वादोन मैल होती. तिच्या वेशींपैकी नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट यांची नावे त्या त्या गावाच्या वाटेवरून पडलेली आहेत. लोहमार्गापूर्वीचे शहर आपल्या वाटांकडे कसे पाहत होते, हे या नावांतून कळते. शहरातून निघणारी प्रत्येक वाट एखाद्या शेजारच्या गावाची वाट होती.

२. लोहमार्गाचे आगमन

१८५३ हे वर्ष वऱ्हाडच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १६ एप्रिल रोजी मुंबई-ठाणे दरम्यान ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी धावली. आणि पुढच्याच महिन्यात निजामाशी झालेल्या करारान्वये वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविण्यात आला. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेवाचून कापूस मिळावा, ही मँचेस्टरच्या भांडवलदारांची जुनी मागणी होती. वऱ्हाडसारखा कापसाचा मुलूख हाती आल्यावर त्याला बंदराशी जोडणे ओघाने आलेच.

भुसावळहून नागपूरकडे निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर असा पायनघाटातून सरळ पूर्वेकडे सरकत १८६५ मध्ये बडनेऱ्यास आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. या दरम्यान १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. तेथील कापसाचा पुरवठा खंडित झाल्यामुळे हिंदी कापसाचे भाव कडाडले आणि वऱ्हाडात पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले. परंतु तोवर लोहमार्ग तयार झाला होता आणि कापसाची दिशा कायमची बदलली होती. मिर्झापूरची वाट ओस पडली.

अमरावती शहर मात्र या मुख्य मार्गावर आले नाही. मार्ग शहरापासून सुमारे दहा किलोमीटर दक्षिणेस असलेल्या बडनेऱ्यावरून गेला. खामगावचीही तीच स्थिती झाली. कापसाच्या दोन मोठ्या बाजारपेठा मार्गाबाहेर राहाव्यात हे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून सरकारी खर्चाने दोन छोटे फाटे बांधण्यात आले. जलंब ते खामगाव हा सुमारे आठ मैलांचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. त्याच्या उद्घाटनास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः उपस्थित होते. बडनेरा ते अमरावती हा सुमारे सहा मैलांचा फाटा १८७१ मध्ये सुरू झाला. आठ मैलांच्या फाट्यासाठी देशाचा सर्वोच्च अधिकारी खामगावपर्यंत येतो, यावरून त्या फाट्यावरून जाणाऱ्या मालाचे महत्त्व ध्यानात यावे.

याच सुमारास १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई-लंडन समुद्री तार जोडली गेली. कापसाची गाठ आणि कापसाचा भाव, दोन्ही आता वेगाने प्रवास करू लागले. लिव्हरपूलच्या बाजारातील चढउतार खामगाव आणि अमरावतीच्या आडतीपर्यंत पोहोचू लागला. सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस स्थानकांच्या आसपास उभे राहिले. वऱ्हाडचा कापूस मुंबई आणि इंग्लंडच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने ओळखला जाई. हे नाव उमरावती, म्हणजेच अमरावती, यावरून आलेले आहे.

३. स्थानक आणि गाव : नगरांचे बदललेले भवितव्य

लोहमार्गाने गावांची जुनी उतरंड मोडली. अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन प्रमुख गावे आहेत. त्यांतील एक चांदूर बाजार, तर दुसरे चांदूर रेल्वे. पहिल्याची ओळख बाजाराने ठरली, दुसऱ्याची स्थानकाने. धामणगाव रेल्वे हे नावही असेच घडले. जेथे लोहमार्ग गेला तेथे तो गावाच्या नावाचाच भाग झाला, इतका त्याचा प्रभाव होता.

याउलट एलिचपूर, बाळापूर, कारंजा, बाशीम ही जुनी गावे मुख्य मार्गापासून दूर राहिली. १९०१ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या ३४ हजारांच्या वर, अकोल्याची २९ हजारांच्या वर आणि एलिचपूरची सुमारे २६ हजार होती. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी एलिचपूर आणि अकोला यांत फारसे अंतर नव्हते. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार, अकोल्याची सुमारे ४ लाख २५ हजार, तर अचलपूरची सुमारे १ लाख १२ हजार नोंदली गेली. एके काळी अकोल्याच्या बरोबरीचे असलेले शहर शंभर वर्षांत त्याच्या पावपट झाले.

या घसरणीचे सर्व श्रेय किंवा दोष लोहमार्गाकडे देता येणार नाही. १९०५ च्या फेररचनेत एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला आणि बाशीम जिल्ह्याची विभागणी अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत झाली. जिल्ह्याचे ठिकाण गेल्यावर कचेऱ्या, वकील, शाळा आणि त्यांच्यावर जगणारा बाजार या सर्वांनाच उतरती कळा लागते. तथापि जी दोन जिल्हा-ठाणी रद्द झाली, ती दोन्ही त्या वेळी लोहमार्गाविना होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. मार्गापासून दूर असलेली ही दोन्ही केंद्रे प्रशासनाने मोडली. बाशीम म्हणजे वाशीमला पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण होण्यासाठी १९९८ पर्यंत वाट पाहावी लागली.

लोहमार्गाचा लाभ केवळ व्यापारास झाला असेही नव्हे. १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरले. दूरदूरच्या प्रांतांतील प्रतिनिधी या नगरीत जमू शकले, त्यात लोहमार्गाचा वाटा उघड आहे. कापूस नेण्यासाठी टाकलेल्या रुळांवरून राजकीय विचारही वऱ्हाडात आला.

४. दुष्काळातील कसोटी

मार्गाची खरी परीक्षा संकटकाळी होते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून लोहमार्गाच्या विस्ताराची शिफारस केली होती. वऱ्हाडात तर त्यापूर्वीच मुख्य मार्ग आणि दोन फाटे तयार होते. असे असूनही १८९६-९७ आणि त्याहून अधिक तीव्रतेने १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडला ग्रासले. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे १ लाख ४३ हजारांनी घटली.

लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कापसाचा विस्तार आणि दुष्काळ यांचा परस्परसंबंध तपशिलाने मांडला आहे. कापसाखालील क्षेत्र वाढत गेले, गायराने आणि सामायिक जमिनी आक्रसल्या, शेतकरी रोख पिकावर आणि सावकारावर अवलंबून राहिला, असे हे विवेचन आहे. दळणवळणाच्या दृष्टीने त्यातून निघणारा अर्थ असा, की लोहमार्ग धान्य आणू शकतो. परंतु ते विकत घेण्याची ऐपत आणू शकत नाही. पूर्वी पेवात साठविलेली ज्वारी ही शेतकऱ्याची दुष्काळातील ठेव असे. कापसाच्या पैशावर धान्य घेण्याची सवय लागल्यावर पेव रिकामे झाले आणि ज्या वर्षी कापूस व ज्वारी दोन्ही बुडाले, त्या वर्षी हाती काहीच उरले नाही. स्थानकावर धान्याची पोती उतरत असतानाही खेड्यातील चूल पेटत नव्हती, ती याच कारणाने.

दुसरी हानी बंजारा समाजाची झाली. लादणीच्या बैलांवर चालणारा त्यांचा पिढीजात व्यवसाय लोहमार्गामुळे मोडला. अनेक तांडे डोंगराळ भागात स्थिरावून शेती आणि मजुरीकडे वळले. दळणवळणातील सुधारणेचा इतिहास लिहिताना, जे स्वतःच दळणवळणाचे साधन होते, त्यांचा विसर पडू नये.

५. उत्तर-दक्षिण जोडणीची रखडकथा

पूर्व-पश्चिम मुख्य मार्ग पूर्ण झाल्यावर सुमारे अर्धशतक उत्तर-दक्षिण दिशेने एकही लोहमार्ग झाला नाही. ही उणीव प्रथम भरून काढली ती अरुंद मापाच्या मार्गाने. १९१० मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या वतीने मूर्तिजापूर हे केंद्र धरून उत्तरेस अचलपूरपर्यंत सुमारे ७६ किलोमीटर आणि दक्षिणेस कारंजा, दारव्हा यांमार्गे यवतमाळपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर असा मार्ग बांधण्यात आला. किलिक निक्सन ही ब्रिटिश व्यापारी पेढी कंपनीची व्यवस्थापक होती. पुढे हीच गाडी 'शकुंतला' या लाडक्या नावाने वऱ्हाडच्या घराघरांत पोहोचली.

अचलपूर आणि कारंजा यांना अशा रीतीने लोहमार्ग मिळाला खरा; परंतु तो वेगळ्या मापाचा होता. मुख्य मार्गावरील डबे या मार्गावर येऊ शकत नसत. मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा चढवावी लागे. हा मार्गही मूलतः कापूस मुख्य मार्गापर्यंत आणून सोडण्यासाठीच होता. अचलपूरहून यवतमाळला जाणाऱ्या प्रवाशाची सोय हा त्याचा दुय्यम हेतू. देशातील बहुतेक लोहमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतरही हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि भारतीय रेल्वे तो कराराने चालवीत राहिली. मालकी एकाची आणि चालविण्याची जबाबदारी दुसऱ्याची, या व्यवस्थेत रूळ आणि पूल यांच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष होत गेले. १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर धावत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले. २०१६ च्या सुमारास गाड्या बंद पडल्या. बसचे भाडे न परवडणाऱ्या खेडुतांसाठी ती गाडी होती. म्हणून तिच्या रुंदीकरणाची मागणी अमरावती, अकोला, वाशीम आणि यवतमाळ या चारही जिल्ह्यांतून सातत्याने होत आली.

अकोल्याचे उत्तर-दक्षिण महत्त्व वाढविणारा दुसरा मार्ग म्हणजे खांडवा-अकोला-वाशीम-हिंगोली-पूर्णा हा मीटरमापी मार्ग. त्यातील पूर्णा-हिंगोली हा भाग निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाला. मात्र हिंगोली ते खांडवा ही जोडणी पूर्ण होण्यास स्वातंत्र्यानंतरची सुमारे १९६० पर्यंतची वर्षे लागली. राज्यांच्या सीमा हे या विलंबाचे एक कारण होय. एकीकडे निजामाचे राज्य आणि दुसरीकडे ब्रिटिश वऱ्हाड असताना त्यांना जोडण्यात दोन्ही राजवटींना विशेष रस नव्हता. जोडणी झाल्यावर मात्र जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्स्प्रेससारखी लांब पल्ल्याची गाडी अकोल्यावरून धावू लागली आणि अकोला हे उत्तर व दक्षिण भारताच्या दरम्यानचे महत्त्वाचे जंक्शन ठरले. सातपुड्याचा चढ पार करण्यासाठी धुळघाट येथे घातलेले रुळांचे वेटोळे हे या मार्गाचे वैशिष्ट्य होते.

पूर्णा-अकोला टप्प्याचे रुंदीकरण २००८ मध्ये झाले. अकोला-खांडवा टप्प्यावरील मीटरमापी वाहतूक २०१७ च्या प्रारंभी थांबली. अकोला-अकोट भागाचे रुंदीकरण होऊन २०२२ मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. मात्र अकोटच्या पुढे मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने मोठा वाद उभा राहिला. अखेर मार्ग अरण्याबाहेरून नेण्याचा पर्याय स्वीकारला गेला. येथे एक नवे तत्त्व पुढे आले. एकोणिसाव्या शतकात मार्ग ठरविताना केवळ माल पाहिला जात असे. एकविसाव्या शतकात वाघ, अरण्य आणि मार्गापासून वंचित राहणारी गावे या सर्वांचा हिशेब मांडावा लागतो.

अमरावतीची उणीव नरखेड मार्गाने भरून निघाली. अमरावती-नरखेड हा सुमारे १३८ किलोमीटरचा नवा मार्ग एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण झाला. चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या संत्र्याच्या पट्ट्याला त्यामुळे लोहमार्ग मिळाला आणि १८७१ पासून टोकाचे स्थानक असलेल्या अमरावतीच्या परिसरातून उत्तरेकडे थेट वाट निघाली. चांदूर रेल्वेनंतर सुमारे दीड शतकाने चांदूर बाजारालाही रेल्वे मिळाली, असे म्हणता येईल.

६. रस्ते आणि हवाई मार्ग

मोटारयुगात रस्त्यांनीही लोहमार्गाचीच दिशा धरली. नागपूर-अमरावती-अकोला-खामगाव-मलकापूर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, पुनर्क्रमांकनानंतर ५३, बहुतांश लोहमार्गास समांतर आहे. याच महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. त्यापूर्वी कित्येक वर्षे हाच रस्ता खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता आणि त्याचे चौपदरीकरण रखडलेले होते, हेही विक्रमाबरोबर नोंदविले पाहिजे.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग अमरावती जिल्ह्याच्या दक्षिण भागातून आणि वाशीम जिल्ह्यातून जातो. अकोला शहर त्याच्यावर नाही. १८६५ मध्ये बाजूला पडलेले कारंजा आता द्रुतगती मार्गालगत आले आणि त्या वेळी मार्गावर असलेले अकोला बाजूला राहिले. मार्गाच्या आखणीने गावांचे भाग्य बदलते, या जुन्याच नियमाचा हा नवा प्रत्यय होय.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी नियमित विमानसेवा सुरू झाली. योगायोग असा, की देशातील पहिली प्रवासी गाडीही १६ एप्रिललाच धावली होती. अकोल्याजवळील शिवणी विमानतळाच्या धावपट्टीचा विस्तार मात्र दीर्घकाळ रखडला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, वऱ्हाडातील आधुनिक दळणवळणाची मूळ आखणी निर्यातीच्या गरजेतून झाली. म्हणून बंदराकडे जाणारी दिशा समृद्ध आणि शेजाऱ्याकडे जाणारी दिशा दरिद्री राहिली. दुसरा, मार्ग आणि प्रशासन यांच्या संयुक्त परिणामाने अमरावती व अकोला वाढली आणि अचलपूरसारखी ऐतिहासिक नगरे मागे पडली. तिसरा, लोहमार्ग असूनही १८९९-१९०० चा दुष्काळ टळला नाही. कारण दळणवळण हे क्रयशक्तीला पर्याय ठरू शकत नाही. चौथा, स्वातंत्र्योत्तर काळातील बहुतेक महत्त्वाची लोहमार्ग-कामे, मग ती हिंगोली-खांडवा जोडणी असो, नरखेड मार्ग असो वा शकुंतलेच्या रुंदीकरणाची मागणी, ही त्या मूळ आखणीतील त्रुटी दूर करण्याचेच प्रयत्न आहेत.

मुंबई आणि नागपूर यांना जोडणारे वेगवान मार्ग वऱ्हाडातून जातात, याचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या प्रदेशातून जाणारा मार्ग आणि आपल्या प्रदेशासाठी असलेला मार्ग यांत फरक आहे. नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट ही नावे देणाऱ्या शहराला शेजारच्या गावाची वाटही तितकीच महत्त्वाची वाटत होती. अचलपूरच्या विद्यार्थ्याला अकोल्यास आणि कारंज्याच्या रुग्णाला अमरावतीस किती सहजतेने पोहोचता येते, हीच वऱ्हाडच्या दळणवळणाची यापुढील कसोटी मानली पाहिजे.